फास्ट बोलिंग करणारा १५ वर्षांचा मुलगा आणि कंबरदुखी : ओव्हर्स मोजतं कोण?

कल्याणकर_बाबा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता जाणकारांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

मुलाला १५ पूर्ण झाली. उजव्या हाताने फास्ट टाकतो. वर्षभरात ताडमाड वाढलाय, जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीला आखूड झाली. दहावीमुळे जानेवारीच्या मध्यापासून खेळ पूर्ण बंद होता. शेवटचा पेपर झाला आणि लगेच साहेब मैदानात. सध्याचा कार्यक्रम असा: सोमवार ते शनिवार सकाळी अ‍ॅकॅडमीचा समर कॅम्प, रविवारी क्लबची मॅच आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री सोसायटीतल्या पोरांबरोबर टर्फवर टेनिस बॉल. काही दिवसांपासून कंबरेत डावीकडे दुखतंय. चालता-बसताना काही नाही. चेंडू सोडताना आणि मागे वाकलं की कळ येते. कॅम्पमधले सर म्हणाले, फास्ट बोलरची कंबर दुखायचीच, शेक घे. जुलैत कांगा लीग (मुंबईतली पावसाळी क्रिकेट स्पर्धा) सुरू होईल, क्लबने नाव घातलंय, त्यामुळे चिरंजीव आता दुखणं लपवायला लागलेत.

या वयात किती ओव्हर्स चालतात? काही आकडा आहे, की ज्याच्या त्याच्या अंगावर?

तिसरी_स्लिप

रागावू नका बाबा, पण हे वर्कलोडचं, म्हणजे बोलरवरचा भार मोजत बसायचं, खूळ आता गल्लीपर्यंत आलं म्हणायचं! २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात सिराजने पाचही कसोटी खेळून १८५.३ ओव्हर्स टाकल्या, २३ विकेट काढल्या. बुमराह ठरवून तीनच खेळला आणि आपण जिंकलो ते दोन्ही सामने, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याविना. गावसकर उगाच म्हणाले नाहीत की हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून हद्दपार व्हावा. कपिल १३१ कसोटी खेळला, दुखापतीमुळे एकही चुकली नाही. कुठे होते तेव्हा फिजिओ आणि जीपीएसची बनियनं? टाकून टाकूनच अंग तयार होतं.

गुडघेदुरुस्ती

@कल्याणकर_बाबा, मी फिजिओ आहे, रोज हेच पाहते. ओव्हर्सचा हिशोब नंतर करू. आधी बोलिंग बंद करा, आजच. वाढीच्या वयातला उजव्या हाताचा फास्ट बोलर, दुखणं डावीकडे, मागे वाकल्यावर वाढणारं. हे वर्णन मणक्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरचं असू शकतं. असेलच असं नाही, पण ते नाही हे कळेपर्यंत आहे असंच धरून चालायचं.

थोडं समजावून सांगते. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते, तिच्यातल्या अरुंद भागाला पार्स म्हणतात. पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सात पट जोर खालून वर येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला कललेली आणि पिळलेली असते. हा सगळा भार बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या पार्सवर येतो, बहुतेक वेळा सर्वांत खालच्या म्हणजे पाचव्या किंवा त्यावरच्या चौथ्या कटिमणक्यात. एका चेंडूने काही होत नाही. हाडाला बारीक इजा होते, विश्रांतीत ती भरून येते आणि हाड उलट मजबूत होतं. भरून येण्याआधीच पुढचा मारा सुरू झाला की गणित बिघडतं.

स्पोर्ट्स मेडिसिनच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला त्यात काही दिसत नाही. एमआरआयमध्ये फ्रॅक्चरची रेघ उमटायच्या आधीच हाडाच्या मज्जेतली सूज दिसते. आणि कागदावर "मुलगा फास्ट बोलर आहे, पार्स बघावेत" असं आवर्जून लिहून घ्या. नुसतं "कंबरदुखी" लिहिलं की लक्ष चकतीकडे जातं आणि मागची कमान राहून जाते.

@तिसरी_स्लिप, सिराज तेव्हा ३१ वर्षांचा होता. कंबरेच्या मणक्यांची हाडं विशीतही भरत असतात. ३१ च्या माणसाचा आकडा १५ च्या पोराला लावू नये, एवढं तरी मान्य करा.

आकडेमोड

कपिलचं उदाहरण दर वेळी येतं. जे टिकले तेच आपल्याला आठवतात. त्याच पिढीत कंबर धरून बसलेले किती जण क्लब क्रिकेटमध्येच संपले त्याची यादी कुणी ठेवली नाही.

दुसरं टोकही पाहा. पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, सात विकेट घेतल्या. दुसरी कसोटी कधी? मार्च २०१७, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं चार महिने मुख्यतः पाठीच्या दुखण्यांत गेली. आणि सगळी अत्याधुनिक व्यवस्था दिमतीला असून.

बुमराहचंही तेच. २०१९ ला पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२ ला पुन्हा, मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया. मग २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत १५१.२ ओव्हर्स, ३२ विकेट आणि सिडनीच्या दुसऱ्या डावात चेंडू हातात घेता आला नाही. चॅम्पियन्स ट्रॉफीही हुकली. त्यानंतर इंग्लंडमध्ये तीनच कसोट्या खेळवल्या यात नवल काय? एजबॅस्टन जिंकलो म्हणून तो निर्णय चूक ठरत नाही.

मैदानवाला

वीस-बावीस वर्षं क्लबची पोरं सांभाळतोय, त्या जोरावर लिहितो. फिजिओताईंनी सांगितलंय ते आधी करा.

आता आकड्याचं. इंग्लंडच्या बोर्डाचे फास्ट आणि मीडियम बोलर्ससाठी वयानुसार नियम आहेत. १३ पर्यंत एका स्पेलमध्ये (एका दमात, विश्रांती न घेता) ५ ओव्हर्स, दिवसात १०. १४-१५ खालच्यांना ६ आणि १२. १६ आणि १७ खालच्यांना ७ आणि १८. शिवाय आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस बोलिंग नको आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नको. आपल्याकडे मैदानावर यातलं काही पाळताना मी फारसं पाहिलेलं नाही, वाईट वाटतं सांगायला.

पण खरा घोटाळा वेगळाच आहे. पोराचे मालक चार असतात: शाळा, क्लब, अ‍ॅकॅडमी आणि सोसायटी. प्रत्येक जण आपापल्यापुरतं बघतो. क्लबचा कॅप्टन म्हणतो, माझ्याकडे रविवारी फक्त दहा ओव्हर्स टाकतो, त्यात काय एवढं? अ‍ॅकॅडमीवाला म्हणतो, मी मॅच खेळवतच नाही. दोघंही खरं बोलतात. एकूण बेरीज मात्र कोणाच्याच वहीत नसते.

आणि नेट्स तर कोणी धरतच नाही. एका नेटमध्ये चार-पाच बोलर. फलंदाज दर दहा-बारा मिनिटांनी पॅड बदलून येतात, ताजेतवाने. बोलर तेच. दोन जण पाणी प्यायला गेले की उरलेल्यांची पाळी दुपटीने येते. त्यात कोणी सिलेक्टर झाडाखाली बसलेला दिसला की पोरगं लांबच्या रनअपवर जातं आणि स्वतःहून चेंडू मागून घेतं. अशा सकाळी साठ-सत्तर चेंडू कधी होतात ते त्यालाही कळत नाही.

बाबा, एक करा. मुलाला समोर बसवून गेल्या आठवड्याचे चेंडू आठवून लिहायला लावा. नेट्स, मॅच, टर्फ, सगळं.

पहाटपळ

क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्या पळणाऱ्यांच्या जगातही हेच. सप्टेंबरात साताऱ्याची हिल मॅरेथॉन, जानेवारीत मुंबई. नोंदणी झाली की गणपतीनंतर अचानक सगळ्यांना जाग येते आणि डिसेंबरात निम्मी मंडळी पिंडरी नाहीतर पावलाचं हाड धरून बसलेली.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो पारखून पाहिला, तेव्हा दोन्ही गटांत दुखापती सारख्याच निघाल्या, साधारण वीस टक्के. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांमधल्या नोंदींवर एक अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच दिवस जास्त घातक दिसला. मागच्या तीस दिवसांत जेवढं सर्वांत लांब पळलात, त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त एका दमात पळलात की धोका वाढतो. त्यामुळे आमच्या ग्रुपवर "आज जमतंय तर अजून पाच किमी मारू" म्हणणाऱ्यांना मी हल्ली सरळ घरी पाठवतो.

कल्याणकर_बाबा

सर्वांचे आभार. बोलिंग कालपासून बंद. परवाची अपॉइंटमेंट मिळाली आहे.

मैदानवाला सर, बसवलं त्याला. आधी "जास्त नाही टाकत" एवढंच. मग एकेक दिवस आठवत गेला. नेट्समध्ये रोज ७ ओव्हर्सच्या आसपास, सहा दिवसांच्या ४२. रविवारी १२. टर्फवर मिळून १०. एकूण ६४, म्हणजे ३८४ चेंडू. बायकोने आकडा ऐकून वही हातातून काढून घेतली आणि पुन्हा बेरीज केली.

आकडेमोड

मघाशी दिलेला बुमराहचा आकडा घ्या. १५१ ओव्हर्स साधारण सव्वासहा आठवड्यांत. सामन्यांतल्या ओव्हर्स धरल्या तर आठवड्याला पंचवीसच्या आत. त्याचा नेट्समधला सराव वर धरायला हवा हे खरं. तरीही ६४ हा आकडा पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे शोभत नाही.

तिसरी_स्लिप

६४ जास्तच आहेत, मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. झहीर २००६ मध्ये संघाबाहेर होता तेव्हा वूस्टरशरकडून काउंटी खेळला, हंगामभर टाकत राहिला, ७८ विकेट घेतल्या आणि आला तो नवाच बोलर होऊन. श्रीरामपूरच्या पोराला विश्रांतीने नाही, बोलिंगने घडवलं.

गुडघेदुरुस्ती

@तिसरी_स्लिप, या वेळी तुमच्या बाजूने! टिम गॅबेट या ऑस्ट्रेलियन संशोधकाने हेच ठासून मांडलं. सातत्याने भरपूर सराव करणारे खेळाडू अनेकदा जास्त सुरक्षित असतात, धोका असतो तो एकदम उडी मारण्यात. फास्ट बोलर्सवरच्या अभ्यासांत फार कमी टाकणारेही दुखापतीच्या यादीत सापडलेत. हाडाला भार हवाच असतो. फक्त त्याची सवय करून द्यावी लागते, आणि सवय मोडली की पुन्हा खालून सुरू करावं लागतं.

आता या मुलाचं वर्ष पाहा. जानेवारीचा मध्य ते परीक्षेचा शेवट, बोलिंग शून्य. त्यातच उंची वाढलेली. हाडं लांब झाली, स्नायूंची ताकद अजून मागे. आणि मग पहिल्याच आठवड्यापासून साठ ओव्हर्स. माझ्याकडे एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत पोरांची जी रांग लागते, तिच्यात ही कहाणी नुसती नावं बदलून येते.

आकडेमोड

इथे त्या प्रसिद्ध गुणोत्तराची गंमत सांगायलाच हवी. चालू आठवड्याचा भार भागिले मागच्या चार आठवड्यांची सरासरी. ०.८ ते १.३ मध्ये असाल तर ठीक, १.५ च्या वर धोका, असं सगळी अ‍ॅप्स सांगतात. आता दहावीचा विद्यार्थी घ्या. आधीचे तीन आठवडे शून्य. चौथ्यात ४६ ओव्हर्स टाकल्या तर सरासरी ११.५ आणि उत्तर ४. एकच ओव्हर टाकली तर सरासरी पाव आणि उत्तर पुन्हा ४! चालू आठवडा सरासरीतून वगळलात तर शून्याने भागाकार.

इम्पेलिझेरी वगैरे संशोधकांनी या गुणोत्तराच्या गणितावर सडकून टीका केली आहे. कोणाला दुखापत होणार याचं भाकीत त्यातून होत नाही. अ‍ॅपमधला हिरवा दिवा पाहून पोराला मैदानात सोडू नका.

एक मात्र कामाचं. ऑस्ट्रेलियन बोलर्सवरच्या एका अभ्यासात, एका सामन्यात पन्नासपेक्षा जास्त ओव्हर्स टाकणाऱ्यांना पुढच्या एकवीस दिवसांत दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. त्या सामन्यातच नाही, नंतर. त्यामुळे "टाकल्या तेव्हा तर काही झालं नाही" याला अर्थ नाही.

मैदानवाला

गुणोत्तर बाजूला ठेवा. माझा साधा उपाय आहे: परीक्षेतही शून्यावर जायचं नाही. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. कंपाउंडमध्ये एक स्टंप, चोवीस चेंडू, पाऊण जोराने. पालक म्हणतात दहावीचं वर्ष आहे सर, मी म्हणतो मोबाइलमधून अर्धा तास काढा. परीक्षा संपल्यावर पहिला आठवडा तेवढंच, एक दिवसाआड. मग दर आठवड्याला थोडं थोडं. पूर्ण जोर आणि लांब स्पेल यायला महिना-दीड महिना जायला हवा. अडचण एवढीच की समर कॅम्पच सहा आठवड्यांचा असतो आणि फी पूर्ण भरलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वसुली!

लाल_माती

आमच्या तालमीत वस्ताद वही ठेवत नसत, पण नव्या पोराला पहिल्या दिवशी जोर-बैठका मोजूनच देत. गावी जत्रेला जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतलेल्या पैलवानाला थेट लढतीला उतरवत नसत, आधी नुसती मेहनत. आता गावोगावच्या मैदानांचा हंगाम सुरू झाला की इनामासाठी आज इथे, उद्या तिथे. वजन उतरवायचं म्हणून पाणी तोडलेलं असतं ते वेगळंच. मान आणि गुडघे त्यातच जातात.

अनुजाची_आई

वाचतेय. लाल_माती यांनी वजनाचं काढलं म्हणून लिहिते. माझी मुलगी लांब पल्ल्याची धावपटू. सराव वाढला, वजन उतरलं, वेळा सुधारल्या, सगळे खूश. पाळी थांबली तेव्हा तिच्या सरावातल्या मैत्रिणी म्हणाल्या, असं होतंच, बरंच आहे. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही, जेवणाचा आणि पाळीचा विचारला. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती असे एकेक विभाग बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला वेगळं नाव दिलंय, रेड्स, आणि ते मुलग्यांनाही होतं. सराव तेवढाच ठेवून डबा वाढवायचा हाही भार सांभाळण्याचाच भाग आहे. मुलींच्या आयांनो, पाळीचं कॅलेंडर सरावाच्या वहीतच ठेवा.

गुडघेदुरुस्ती

@अनुजाची_आई, शंभर टक्के. खाण्याबरोबर झोपही. शाळकरी खेळाडूंच्या एका अमेरिकन अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट होती. कल्याणहून सकाळच्या नेटला पोचायचं तर पहाटेची लोकल, खांद्यावर किट बॅग, आणि आदल्या रात्री टर्फ अकरापर्यंत. त्याचाही हिशोब करा.

नोंद ठेवायची सोपी रीत: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, दहापैकी किती दमलास? तो आकडा गुणिले मिनिटं. दीड तासाचा नेट आणि उत्तर सात, तर ६३०. जिम, फिल्डिंग, पळणं, सगळं याच मापात बसतं. फास्ट बोलर असेल तर शेजारी चेंडूंचा वेगळा रकाना, कारण मणक्याला दमणूक कळत नाही, आदळणं कळतं. तिसरा रकाना झोपेचा, चौथा दुखण्याचा. शंभर पानी वही पुरते.

कल्याणकर_बाबा

अपडेट. एमआरआय झाला. डावीकडे पाचव्या कटिमणक्याच्या पार्समध्ये सूज आहे, फ्रॅक्चरची रेघ नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. साधारण तीन महिने बोलिंग बंद, धावणंही सध्या नाही. दुखणं पूर्ण गेलं की पोट-कंबरेचे व्यायाम, मग हळूहळू पळणं, बोलिंग सगळ्यात शेवटी. रेघ उमटली असती तर सहा महिने किंवा त्याहून जास्त लागले असते असं ऐकलं. व्हिटॅमिन डी कमी निघालं, ते सुरू केलं.

कांगा लीग गेली. दोन दिवस घरात कोणाशी बोलत नव्हता. क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला, त्यांनी समजून घेतलं. कॅम्पवाले म्हणाले, बोलिंग नको तर बॅटिंग करू दे, फी परत मिळणार नाही.

मैदानवाला

बॅटिंगही डॉक्टरांना विचारूनच. थ्रो-डाउन (जवळून हाताने फेकलेले चेंडू) खेळताना कंबर पिळली जातेच.

परत येताना तारीख धरून येऊ नका. आधी उभ्याने चेंडू सोडायचा, मग दोन पावलं, मग अर्धा रनअप, एक दिवसाआड, चोवीस चेंडूंपासून. दुखलं की एक पायरी मागे. अ‍ॅक्शनही कोणाला तरी दाखवून घ्या. खांदे आणि नितंब वेगवेगळ्या दिशांना असतील तर कंबर पिळवटून निघते, मग ओव्हर्स कमी करूनही उपयोग नाही. आणि वहीतलं पान दर रविवारी क्लबच्या कॅप्टनला, अ‍ॅकॅडमीला आणि कॉलेजच्या सरांना, तिघांनाही व्हॉट्सअ‍ॅप करत जा. पहिले दोन महिने कोणी उघडणार नाही. तरी पाठवा.

तिसरी_स्लिप

लवकर बरं वाटो पोराला. सप्टेंबरात परतला की कळवा, मी बॅटिंगला उभा राहतो. बुमराहबद्दलचं मत तेच आहे, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

नाशिकची_चिवडाप्रेमी

धाग्याला जरा फाटा. भाची तेरा वर्षांची, लेगस्पिन टाकते. तिलाही ओव्हर्सचे हेच नियम लावायचे का?

गुडघेदुरुस्ती

ते आकडे फास्ट आणि मीडियमसाठीच आहेत. स्पिनमध्ये पुढचा पाय एवढ्या जोराने आदळत नाही, त्यामुळे मणक्याची भीती कमी. खांदा आणि बोटं मात्र पाहा. आणि ती बाउंड्रीवर फिल्डिंग करते का? मग थ्रो मोजा, ते कोणीच मोजत नाही.